टॅपेट बोलतो तोवर

नाशकात गाडी वाजायला लागली की तिची पहिली तपासणी गॅरेजात होत नाही, लग्नाच्या मांडवात होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांवर दोन पिढ्या वाढलेलं हे गाव; कुठल्याही कार्यात एक निवृत्त महिंद्रावाले मामा आणि एक मायकोवाले काका असायचेच. मामा बॉनेट उघडायला लावतात. काका मठ्ठ्याचा पेला न हिंदकळू देता डोळे मिटून ऐकतात आणि निकाल देतात, "नोझल." आमची गाडी जुनी, पेट्रोलची, कार्ब्युरेटरवाली. डिझेलचं नोझल तिच्या सात पिढ्यांत नाही. पण ज्या माणसाने उभी हयात मायकोत नोझलचे मायक्रॉन मोजण्यात घालवली, त्याला हे सांगायचं कोणी?

वाजत होता टॅपेट. या वयाच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली आणि व्हॉल्व्ह वर. कॅम टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. सरकारी फाइलच ही, टेबलाटेबलावरून जाणारी. फक्त कसारा घाटात इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर कॅम निम्मे घेतो, म्हणजे ही फाइल सेकंदाला २५ वेळा मंजूर होते.

कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात, मध्ये काय तो तेलाचा पातळ पापुद्रा. निफाडकडचा गारठा पसरला की सकाळी हे तेल वर रॉकरपर्यंत पोचायला रेंगाळतं. नेमकी तीच वेळ साधून आमच्या कॉलनीतले सज्जन ॲक्सिलरेटर दाबदाबून गाडी 'गरम' करतात. कॅमचा वरचा कडक थर गेला की खालचं लोखंड भराभर झिजतं, आणि तो चुरा तेलातून फिरत बाकीच्यांचाही समाचार घेतो.

गॅरेजातल्या मिस्त्रींनी मात्र टॅपेटचा आवाज शांतपणे ऐकला. "वाजतोय ना साहेब? मग घाई नाही. गप्प झाला की धावत या."

रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात मिलिमीटरच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याएवढी फट ठेवतात, कारण तापल्यावर धातू वाढतो. झिजेने फट वाढली तर नुसती टकटक. पण व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत, म्हणजे सीटमध्ये, रुतत गेला की फट मिटते, आवाज थांबतो, मालक खूश होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मग पुरता टेकत नाही, आणि टेकल्याशिवाय त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. बिचारा कडेने जळतो. पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचा लेप सीटला सांभाळायचा. २००० साली देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. पोराबाळांच्या रक्ताचं भलं झालं, मऊ सीटच्या म्हाताऱ्या गाड्या पोरक्या झाल्या.

मिस्त्री फिलर गेजची पाती सरकवून फट जुळवत होते, तेवढ्यात माझा भाचा त्याची नवी गाडी घेऊन आला. हायड्रॉलिक टॅपेट, तेलाच्या दाबावर फट आपोआप भरते, अट एवढीच की तेल स्वच्छ हवं.

"मामा, माझीचा आवाजच नाही बघ!"

मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं, "ऑइल कधी बदललं?"

"कुठलं ऑइल?"

मिस्त्रींनी पाती खाली ठेवली आणि पोऱ्याला चहा सांगायला पाठवलं. मोठं काम आल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला चहा पाजत नाहीत.