आमची कुठेही शाखा नाही

टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी जोडप्याचे शनिवार-रविवार कुठे जातात हे मी शपथेवर सांगू शकते. एक जातो वाणसामानात आणि दुसरा कुणाच्या तरी मुलीच्या अरंगेत्रमला. मुलगा कॉलेजात गेला, घर रिकामं झालं आणि मी म्हटलं, "या शनिवारी आपण दोघंच मार्फाला जाऊ."

"कुणाची मुलगी?" नवऱ्याने विचारलं.

तसा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. मार्फा हे मुळात रशियन बाईचंच नाव. १८८३ साली त्या गावाच्या जागी रेल्वेच्या इंजिनांना पाणी भरायचा थांबा झाला, आणि रेल्वेतल्या कुण्या साहेबाच्या बायकोने हातातल्या कादंबरीतलं नाव त्याला ठेवून दिलं, असं सांगतात. कादंबरी दस्तयेव्हस्कीची होती की ज्यूल व्हर्नची, यावर गावाचा वाद अजून चालू आहे. ज्या गावाला स्वतःच्या बारशाबद्दल इतका चवीने वाद घालता येतो, त्या गावाबद्दल मला पुणेकर म्हणून आपुलकी वाटणं साहजिक आहे.

नवरा कोल्हापूरचा. पुलांचं काँक्रीट तपासणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा आहे आणि, आमच्या दुर्दैवाने, छंदही. त्यामुळे ऑस्टिनहून पश्चिमेला निघाल्यावरचे सात तास मी निसर्ग बघत होते आणि तो पूल. ताशी ऐंशी मैलांची मुभा असलेल्या रस्त्यावर डोक्यावरून गेलेल्या पुलाच्या बेअरिंगबद्दल मत बनवायला माणसाला जेमतेम दोन सेकंद मिळतात. त्याला तेवढे पुरतात. फोर्ट स्टॉकटनला पेट्रोल भरलं, अल्पाइन मागे टाकलं, आणि मग पूलसुद्धा संपले. पिवळं गवत, तारेचं कुंपण, आभाळ. पुन्हा गवत. "इथं नक्की काय बघायचंय?" त्याने भडंगाच्या पिशवीत हात घालत विचारलं. मी म्हटलं, "कला." त्याने पिशवी माझ्यापासून लांब ठेवली.

गावाची वस्ती अठराशेच्या आसपास. उंची जवळजवळ ४,७०० फूट, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कांकणभर जास्तच. फक्त इथे स्ट्रॉबेरी नाही आणि पॉइंट दाखवायला घोडेवाला मागे लागत नाही. मधोमध १८८६ सालचं गुलाबी कोर्ट. त्याच्या घुमटावर न्यायदेवता उभी आहे, पण तिच्या हातात तराजू नाही. एका गुराख्याने चिडून गोळी झाडली आणि तराजू पाडला, अशी दंतकथा आहे. "म्हणजे निकाल अंदाजपंचे," नवरा म्हणाला आणि गावाबद्दलचं त्याचं पहिलं बरं मत तिथे तयार झालं.

बाकी गाव बंद होतं. म्हणजे अगदी सगळं नव्हे. गॅलऱ्या साधारण गुरुवार ते रविवार उघडतात, आणि त्यातही मालकाला वाटलं तर. एका दारावर वेळ लिहिली होती आणि खाली 'किंवा कदाचित' अशी पुस्ती होती. नवरा माझ्याकडे बघून हसला. कोल्हापूरच्या माणसाला पुण्याच्या पाट्यांवर बोलायला निमित्त लागत नाही, इथे तर ते दारावर टांगलेलं होतं.

या आडगावात कला आली ती डोनाल्ड जड नावाच्या माणसामुळे. न्यूयॉर्कचा हा नामांकित कलावंत तिथल्या गर्दीला आणि संग्रहालयांना कंटाळला. चार दिवस चित्रं टांगायची आणि उतरवायची, हे त्याला पटेना. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो इथे आला आणि एकेक इमारत घेत सुटला. जुनी बँक घेतली, किराणा दुकान घेतलं, आणि शेवटी गावाबाहेरची लष्कराची छावणीही कलेसाठी मिळवली. १९८६ पासून ती छावणी चिनाटी फाउंडेशन म्हणून लोकांना खुली आहे. जड १९९४ साली गेला. 'चांगला दिवा मिळणं कठीण असतं' अशा अर्थाच्या नावाचा निबंध त्याने लिहिला आहे, हे मी गाडीत वाचून दाखवलं. आमच्या दिवाणखान्यात सहा महिने नुसता होल्डर लोंबकळत होता, कारण नवऱ्याला एकही दिवा पसंत पडत नव्हता. तो म्हणाला, "हा माणूस शहाणा दिसतोय."

छावणीतल्या तोफखान्याच्या दोन लांबलचक शेडमध्ये जडचे शंभर ॲल्युमिनियमचे डबे आहेत. शंभरही बाहेरून एकाच मापाचे आणि आतून एकही दुसऱ्यासारखा नाही. कुठे पडदी तिरकी, कुठे मधून फट, कुठे वरची बाजूच नाही. पूर्वी जिथे तोफा आत घ्यायची दारं होती, तिथे जडने भिंतभर काचा बसवल्या. त्यामुळे ऊन सरकतं तसे डबे बदलत जातात. एखादा पारदर्शक वाटतो, एखादा नाहीसाच होतो. कलाकृतीचं नाव 'शीर्षक नाही'. मी याबद्दल भरपूर वाचून गेले होते. अवकाश, प्रकाश, वस्तूचं वस्तुपण असे शब्द माझ्या तोंडात तयार होते.

नवरा मात्र छताकडे बघत होता. "हे नंतर चढवलंय," तो म्हणाला. सोबतची मार्गदर्शक मुलगी चमकली. खरंच होतं ते. मूळचं सपाट छप्पर गळत होतं, म्हणून जडने त्यावर पत्र्याची अर्धगोल कमान चढवली आणि इमारतीची उंची दुप्पट झाली. "गळती!" नवरा एवढ्या आनंदाने म्हणाला की बाकीचे पर्यटकही वर बघायला लागले. तिथून पुढे ती मुलगी मला सोडून त्याच्याशीच बोलू लागली. भिंतीवर जर्मन अक्षरं दिसली. दुसऱ्या महायुद्धात इथे जर्मन युद्धकैदी ठेवले होते, तेव्हाच्या या सूचना. जडने त्या पुसल्या नाहीत. एकीचा अर्थ, डोकं गमावण्यापेक्षा ते वापरलेलं बरं. "ही आमच्या साइटवर लावायला पाहिजे," असं म्हणून त्याने ती वहीत उतरवून घेतली. कलेच्या यात्रेत त्याने टिपून घेतलेली ही पहिली ओळ, आणि ती एका पहारेकऱ्याची.

पण त्याचं खरं पंढरपूर बाहेर होतं. छावणीच्या कडेच्या माळावर, एक किलोमीटरच्या ओळीत, काँक्रीटच्या प्रचंड पेट्या मांडल्या आहेत. पेट्यांचे पंधरा गट. प्रत्येक पेटी अडीच मीटर उंच, अडीच रुंद, पाच मीटर लांब. सगळ्या बाजू पंचवीस सेंटिमीटर जाडीच्या. १९८० ते ८४ या काळात हे काम झालं. नाव अर्थातच 'शीर्षक नाही'.

"शीर्षक कसं नाही?" नवरा म्हणाला. "बॉक्स कल्व्हर्ट."

माझ्या वाचनाचा इमला तिथे एका शब्दात बसला. कारण आता मलाही दुसरं काही दिसेना. नाल्यावर टाकतात त्याच पेट्या. फक्त इथे नाला नव्हता. "अरे, पण त्यांची मांडणी बघ," मी म्हटलं. तो मांडणी बघत नव्हता, कोपरे बघत होता. साप असतील म्हणून जपून चाला, असं सांगितलं होतं. मी गवतात पाऊल टाकताना दहादा विचार करत होते आणि हा गुडघे टेकून एका पेटीच्या तळाशी डोकं घालून बसला होता. "शटरिंग बघ कसलं सरळ! चाळीस वर्षं माळावर उभं आहे, ऊन, थंडी, सगळं खाल्लंय. इथं बघ, कडेला किंचित पिचलंय. सळईला कव्हर कमी पडलं असणार. पण हा कोपरा... हा कोपरा बघ गं!" मी बघितला. काटकोन होता. पहिल्या गटापासून पंधराव्यापर्यंत तो एकटा चालत गेला, आणि परतताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये शोधायचं ठरवलं आहे. "लई भारी काम," तो म्हणाला. "मुकादम कोण होता?"

याच छावणीच्या एका बराकीत इल्या काबाकोव्ह या कलावंताने सोव्हिएत काळातली ओस पडलेली शाळा उभी केली आहे. मोडकी बाकं, विखुरलेले कागद, सोललेल्या भिंती आणि सगळीकडे धूळ. ती धूळही कलाकृतीच, तिला कुणी झाडू लावायचा नाही. मी हात मागे बांधून उभी राहिले. झाडू दिसला असता तर काय झालं असतं ते सांगवत नाही. नवऱ्याला मात्र यात कोडं पडलंच नाही. "जिल्हा परिषदेची शाळा," तो म्हणाला. "पोरं शेतावर गेलीत आणि मास्तर जनगणनेला."

गावात एक खरी जुनी शाळाही आहे. तिथे फार कोणी जात नाही. ब्लॅकवेल स्कूल, १९०९ सालची मातीच्या विटांची बैठी इमारत. मेक्सिकन वंशाच्या मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळं बसवायला ही शाळा होती, आणि ती थेट १९६५ पर्यंत चालली. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार बसायचा. १९५४ साली मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि त्या पेटीत घालून 'मिस्टर स्पॅनिश'ची अंत्ययात्रा काढून निशाणाच्या खांबाजवळ पुरल्या. आता ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. मी ऑस्टिनला रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. तिथे नियम नेमका उलटा आहे आणि तो मोडणाऱ्या पोरांपुढे माझं काही चालत नाही. त्या रविवारची शाळा मी दुसरीवर ढकलून आले होते. नवरा खांबाजवळ उभा राहिला आणि बराच वेळ काँक्रीटबद्दल काहीही बोलला नाही.

मातीच्या विटांबद्दल मात्र बोलला. एकेकाळी गरिबांनी बांधलेली ही घरं बाहेरच्या पैसेवाल्यांना आवडू लागली, भाव चढले, आणि काही वर्षांपूर्वी कर आकारणाऱ्यांनी मातीच्या घरांचा वेगळा वर्ग करून त्यांचं मूल्य वाढवलं. ज्यांच्या आज्याने चिखल तुडवून भिंत उभी केली, त्यांना कर जास्त. "आमच्या वडिलांनी मातीचं घर पाडून स्लॅब टाकला तेव्हा अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते," नवरा म्हणाला. "इथं असते तर करही वाचला असता."

रात्री मार्फाचे गूढ दिवे बघायला गेलो. गावाच्या पूर्वेला नऊ मैलांवर हमरस्त्याच्या कडेला सरकारने खास त्यासाठी कट्टा बांधला आहे, दुर्बिणी लावल्या आहेत. लोक घोंगड्या घेऊन येतात आणि काळोखाकडे तोंड करून बसतात. क्षितिजावर दिवे दिसतात, थरथरतात, फुटून दोन होतात, विझतात. आमच्या शेजारी एक टेक्सन म्हातारा-म्हातारी बसले होते, थर्मासमधून कॉफी पीत. एक दिवा चमकला. म्हातारीने श्वास रोखला. नवऱ्याने फोनवर नकाशा उघडला, दिशा लावली आणि जाहीर केलं, "हायवे सदुसष्ट. डावीकडचा बहुतेक ट्रक आहे." कट्ट्यावर जी शांतता पसरली तिला गूढ म्हणता येणार नाही. तो चूक नव्हता. २००४ साली डॅलसच्या विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या मुलांनी इथे येऊन मोजमाप केलं आणि हाच निष्कर्ष काढला, हेही त्याने शोधून मोठ्याने वाचलं. म्हातारीने कॉफीचा घोट संपवला आणि शांतपणे विचारलं, "एलिसन नावाच्या गुराख्याला हे दिवे १८८३ साली दिसले. तेव्हा ट्रक होते का, बाळा?"

एकावन्न वर्षांच्या, पुलांवर सही करणाऱ्या माणसाला कुणी 'बाळा' म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. तिने मला कॉफी दिली.

रविवारी परत निघायचं तर पूर्वेला. पण मला आणखी पश्चिमेला, व्हॅलेंटाइन नावाच्या चिमुकल्या वस्तीच्या पुढे जायचं होतं. उलट दिशेला सदतीस मैल, आणि येताना तेवढेच. "आता तिथं काय आहे?" "दुकान." "उघडं असेल का?" "नाही." "कधी उघडतं?" "कधीच नाही." त्याने गाडी कडेला घेऊन माझ्याकडे नीट बघितलं.

प्राडा मार्फा. २००५ साली एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट या कलावंत जोडीने माळरानात, रेल्वेच्या रुळांशेजारी, मातीच्या विटांचं एक चकचकीत दुकान बांधलं. काचेमागे प्राडाच्या त्या वर्षीच्या खऱ्या पर्स आणि खरे बूट. दार आहे, ते उघडत नाही. विकत काही मिळत नाही, विक्रेता नाही, आसपास चिटपाखरू नाही. मी गाडीतून उतरले आणि मला गहिवरूनच आलं. गिऱ्हाईकाची कटकट मुळातच काढून टाकलेलं दुकान! लक्ष्मी रोडवरच्या कित्येक पिढ्या जे साधायला झटल्या, ते या दोघांनी परदेशात, वाळवंटात करून दाखवलं. फक्त 'आमची कुठेही शाखा नाही' एवढी पाटी तिथे हवी होती.

नवरा काचेला नाक लावून उभा होता. "सगळे उजव्या पायाचे आहेत," तो म्हणाला. त्याची नजर बरोबर होती. दुकान उभं राहिल्यावर काही दिवसांतच चोरांनी ते फोडलं आणि पर्सही नेल्या, बूटही नेले. तेव्हाचे बूटही सगळे उजव्याच पायाचे. दुसऱ्या वेळी मांडताना पर्सचे तळ कापून टाकले. चोराला उपयोगच होऊ नये ही कल्पना. यात मला नवीन काही दिसेना. माझी आजी सारसबागेच्या गणपतीला गेली की एक चप्पल डाव्या कोपऱ्यात आणि एक उजव्या कोपऱ्यात काढायची. पण तिला कुणी कलावंत म्हटलं नाही.

तेवढ्यात नवऱ्याला काहीतरी आठवलं. "अगं, हेच ना ते? आमच्या चपलावाले?"

हेच ते. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने थेट कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला पुरुषांच्या पायात घालून फिरवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रात गदारोळ झाला, मग कंपनीने प्रेरणा कुठून आली ते मान्य केलं. त्या आठवड्यात आमच्या घरातला फोन सासरच्या माणसांनी सतत वाजता ठेवला होता.

तो काही न बोलता गाडीकडे गेला. डिकी उघडली, सामान उचकलं, दोन दिवस पायात असलेले बूट काढून आत टाकले आणि कागदात गुंडाळलेल्या कापशी चपला काढल्या. करकर वाजवत तो दुकानासमोर आला, बंद दाराच्या बरोबर मधोमध उभा राहिला आणि पँट घोट्यापर्यंत दुमडली.

"काढ फोटो," तो म्हणाला. "दोन्ही पाय आले पाहिजेत. त्यांच्याकडं एकच आहे."