कलमबहाद्दर जयपुरात

आमच्या सोसायटीत कुणाचं डिपॉझिट अडकलं किंवा कुणाला चालान आलं, की माणूस आधी माझ्याकडे येतो. वकिलाकडे तो नंतर जातो, बहुधा माझा सल्ला निस्तरायला. माझं कायद्याचं शिक्षण व्हॉट्सॲपवर झालं आणि अजून चालूच आहे. मे महिन्यात जयपूरला निघताना हिने टोप्या, छत्री आणि ओआरएसची पाकिटं घेतली. मी १८६७चा सराय कायदा घेतला.

हा कायदा ज्याच्या ग्रुपवर आला नाही असा माणूस विरळा. देशातल्या कुठल्याही हॉटेलात, अगदी पंचतारांकित असलं तरी, वाटसरूला फुकट पाणी आणि स्वच्छतागृह मिळालंच पाहिजे. नाही दिलं तर परवाना रद्द! हवा महालाचे फोटो काढून होईस्तोवर आमच्या घशाला कोरड पडली. समोरच गाडीवर पाण्याची बाटली वीस रुपयांना होती. ‘घेऊया?’ ही म्हणाली. हक्क असताना विकत घ्यायचं? मी दीडशे रुपयांची रिक्षा केली आणि तिला एका जुन्या हवेलीतल्या बड्या हॉटेलात घेऊन गेलो.

दारावर केशरी साफा आणि गालभर मिशा असलेला दरबान होता. मी घसा खाकरला. त्याने ‘पधारो सा’ म्हणत दारच उघडलं. आत शिरतो न शिरतो तोच एकाने तांब्याच्या पेल्यात वाळ्याचं पाणी पुढे केलं आणि स्वच्छतागृह डावीकडे असल्याचं न विचारता सांगितलं. शहाण्या माणसाने इथे पाणी पिऊन आभार मानले असते. पण पाठ केलेलं भाषण पोटात राहीना. मी पेला उंचावून म्हणालो, ‘ये पानी हम मेहरबानी से नहीं, हक से पी रहे है! सराय ॲक्ट, अठरासौ सडुसष्ट!’

हिने पेला खाली ठेवला आणि ती भिंतीवरची चित्रं बघायला गेली. ती माझ्याबरोबर आलेली नाही असं दाखवायची ही तिची नेहमीची पद्धत.

ड्युटी मॅनेजर कोवळा पोरगा होता. दुर्दैवाने एलएलबी करून हॉटेलात आलेला. त्याने अत्यंत अदबीने फोनवर कायदा काढला आणि सातवं कलम माझ्यासमोर धरलं. सराईच्या मालकाने काय करायचं याची त्यात यादी आहे: खोल्या आणि गटारं साफ ठेवायची, पहारेकरी नेमायचा, दरपत्रक लावायचं, आणि सराई वापरणारी माणसं किंवा जनावरं ज्या विहिरीचं, टाक्याचं पाणी पितात ती स्वच्छ ठेवायची. फुकट या शब्दाचा पत्ता नाही. ‘सर, आपका रूम नंबर?’ त्याने विचारलं. रूम नव्हती. म्हणजे माणसांत मी बसत नव्हतो. दुसऱ्या वर्गाबद्दल तो काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा. वर त्याने असंही सांगितलं, की १८६७ साली इथे महाराजा रामसिंहांचं राज्य होतं, इंग्रजांचं नव्हे. ‘पानी और टॉयलेट मुफ़्त तो पेट्रोल पंप पर देना पड़ता है, सर.’

एवढं झाल्यावर नुसतं उठून जाणं बरं दिसेना. दोन चहा आणि प्याज कचोरी मागवली. बिल आलं, त्यात सर्व्हिस चार्ज लावलेला. आता गंमत बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्येच सांगितलंय, की हा चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे या खेपेला मी खराखुरा, शंभर टक्के बरोबर होतो. पण मघाच्या भाषणानंतर पुन्हा तोंड उघडायची टाप नव्हती. चार्ज भरला, वर टीपही ठेवली.

संध्याकाळी बापू बाजारात, घामाने निथळत, आम्ही जयपुरी रजई बघितली. दुकानात ठळक पाटी होती: ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा.’ मी मनात हसलो. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस मिळतात. ‘अंदर सिर्फ़ पाव किलो रूई, साब, प्योर कॉटन,’ दुकानदार म्हणाला. ‘पक्का बिल लेंगे तो जीएसटी लगेगा.’

‘बिल का क्या करना है?’ हे मीच म्हणालो.

याच राजस्थानात १९९६ साली मजूर किसान शक्ती संघटनेची खेड्यातली माणसं ब्यावरच्या चांग गेटवर चाळीस दिवस उन्हात बसली होती. त्यांना पंचायतीच्या कामांची बिलं, व्हाउचरं आणि हजेरीपटाच्या नकला हव्या होत्या. माहितीच्या अधिकाराचा २००५चा कायदा त्या मागणीतून वाढत आला. आणि मी जीएसटी वाचवायला रोख पैसे मोजून एक चिठ्ठी खिशात घातली. चिठ्ठीवर रक्कम होती आणि खाली ‘राम राम सा’.

घरी आल्यावर हिला रजईचा स्पर्श खटकला. कोपरा उसवून आतलं बोंडूक तिच्या पोळीच्या चिमट्यात धरून मी गॅसवर नेलं. कापूस असता तर जळक्या कागदाचा वास येऊन राख झाली असती. हे आकसलं, वितळलं आणि काळा टणक मणी होऊन चिमट्याला बसलं. चिमटा वाया गेला. मी मात्र खूश! आता कायदा माझ्या हातात होता. तक्रार जयपूरला जाऊन करायची गरज नाही, राहत्या जिल्ह्याच्या आयोगात चालते. दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंत फी शून्य, वकिलाची सक्ती नाही. ऑनलाइन अर्ज भराभर भरत गेलो तो ‘बिल जोडा’पाशी थांबलो. ‘राम राम सा’ स्कॅन करून बघितलं. फार सुवाच्य आलं.

मग १९१५ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडची मुलगी मराठीत बोलत होती. तिने बिल विचारलं. मी आवाज चढवून सांगितलं, की बिल न देणं हीच मुळात त्या कायद्याप्रमाणे अनुचित प्रथा आहे, ते कलमही मला माहीत आहे. ती शांतपणे ऐकत होती.

‘बरोबर आहे, सर. फक्त नोंदीसाठी विचारते. बिल त्यांनी दिलं नाही, की तुम्ही घेतलं नाही?’

आवाज तुटतोय असं सांगून मी फोन ठेवला.