गावाच्या पोटात प्रश्नचिन्ह

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीचं नाव कृतिदेव फाँटमध्ये टाइप करा आणि ती फाइल तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडा. पडद्यावर उमटतं : एफ, एन, प्रश्नचिन्ह, के, के, अवतरणचिन्ह, के, एच. गावाच्या ऐन पोटात प्रश्नचिन्ह! इतकी शंका तर सातबाऱ्यालाही येत नाही.

यावर उतारा म्हणजे युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक. या कळफलकाचं भारतीय मानक १९९१ सालचं. साधारण स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, शेजारभांडण नाही. पण शिकतो कोण? जुनी बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवरून उठायला तयार नाहीत, नव्या बोटांना रोमन लिपीच गोड. त्यांनी इनस्क्रिप्ट चालू असताना 'द' येईल म्हणून 'डी' दाबला की हलन्त उमटतो. गावाचं नाव सुरू होण्याआधीच पाय मोडलेला! मग दोष कळफलकाचा, विंडोजचा, झालंच तर विजेचा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबले की कळफलकाची पाळी बदलते, हे सांगणारा मात्र आगाऊ.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अभिनंदन! नव्या कॉम्प्युटरला मात्र हे कोणी कळवलेलं नाही. तिथं अभिजात बाई 'भाषा जोडा' हे बटण कोणी दाबेपर्यंत ओसरीवरच ताटकळतात.