गट नंबर सापडतो, गडी सापडत नाही

जिंतूर तालुक्यातल्या शेतकऱ्याने सोयाबीन पेरले की सरकार त्याला अक्षांश-रेखांशासह गाठते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. गटात जा, जीपीएस चालू करा, पिकाचा फोटो काढा. ओट्यावर बसून पाहणी उरकू म्हणणाऱ्याला अ‍ॅप दाद देत नाही, तलाठी परवडला.

त्याच सोयाबीनमध्ये साप चावला आणि त्याच मोबाइलवरून ११२ लावला, की मात्र तोंडी परीक्षा सुरू होते. फोन उचलला जातो नवी मुंबईत, नाहीतर नागपुरात.

“आपलं लोकेशन सांगा.”

“पिंपळगाव.”

“कोणतं पिंपळगाव?”

“आमचंच की, ताई! बोरीच्या पुढं फाटा हाय...”

ताईंचा यात काय दोष? पिंपळगावांना मराठवाड्यात तोटा नाही. टॉवरवरून जागा काढावी, तर तो निव्वळ अंदाज. टूजीच्या जाळ्यात फोन टॉवरपासून किती लांब आहे हे मोजायची एकेक पायरीच सुमारे ५५० मीटरची. शहरात टॉवरला टॉवर लागून असतात म्हणून निभावते. खेड्यात एकाच टॉवरखाली दोन-चार शिवारे आरामात नांदतात.

यावर औषध नाही असेही नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली अशी सोय आली, की आणीबाणीचा नंबर लावताच फोन आपणहून जागा शोधतो आणि गुपचूप संदेश धाडतो. आपल्या दूरसंचार खात्यानेही २०१६ मध्ये फर्मान काढले: २०१७ पासून नव्या फोनमध्ये पॅनिक बटण, २०१८ पासून जीपीएस. म्हणजे जीपीएस शेतकऱ्याच्या खिशात येऊन बसले. त्याने कळवलेली जागा ११२ च्या पडद्यावर उमटवायचे तेवढे राहिले. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण खात्याने कार्यपद्धती म्हणूनच स्वीकारली असावी. अँड्रॉइड फोनमधली ही सेवा ११२ ला जोडणारे देशातले पहिले राज्य ठरले उत्तर प्रदेश, तेही डिसेंबर २०२५ मध्ये.

गावाने आपली यंत्रणा केव्हाच उभी केली आहे. एक जण रोग्यापाशी थांबतो, दुसरा मोटारसायकल काढून फाट्यावर जातो. १०८ ची गाडी दिसली की हात करायचा आणि पुढे निघायचे.

“किती लांब आहे?” चालक काच खाली करून विचारतो.

“हे काय, हाकेच्या अंतरावर,” असे म्हणत पोरगा किक मारतो.

अचूकता टॉवरइतकीच.