सोलापुरी तारांकित मुक्काम : मोहोळकरांसाठी मार्गदर्शन

मोहोळच्या माणसाने सोलापुरात हॉटेलची खोली घेऊन राहणे हा गुन्हा नाही. तरीही गावात त्याचा जबाब द्यावा लागतो, म्हणून निघण्याआधीच कारण ठरवून ठेवावे. हमरस्त्याने अंतर पस्तीसेक किलोमीटर. सकाळी गेलेला माणूस बस्ता बांधून, कचेरीतली सही घेऊन, दाढेत चांदी भरून दिवेलागणीला घरी परततो. मग मुक्काम कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

‘दवाखान्याचं काम होतं’ हे कारण चुकूनही सांगू नये. अर्ध्या तासात माणसे शहाळी घेऊन दारात येतात. ‘लग्न होतं’ म्हणावे, तर कुणाचे आणि आम्हाला पत्रिका का नाही, हे नवे भांडण. सर्वांत टिकाऊ कारण असे : पुण्याच्या मुलाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मोबाइलवरून खोली बुक केली, आणि आता पैसे परत मिळत नाहीत. पैसे परत मिळत नाहीत म्हटल्यावर तालुक्यात कुणी पुढे बोलत नाही. उलट ‘मग निघा की लवकर’ म्हणून एसटी स्टँडपर्यंत सोडायला येतात.

तिथल्या काचेच्या दारासमोर बिचकायचेही कारण नाही. इतिहास आपल्या बाजूचा आहे. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईकडून आली ती आधी मोहोळला. सोलापूरला गाडी पोचायला आणखी काही महिने लागले. तेवढ्या काळात गाडी धरायची तर सोलापूरकरांना आपल्या गावी यावे लागले असणार, आणि आपण त्यांच्याकडे ओळखपत्राच्या दोन छायाप्रती मागितल्याचे ऐकिवात नाही.

वाटेत लांबोटीला थांबावे आणि चिवडा घ्यावा. या मार्गदर्शनातली हीच एक सूचना अनिवार्य आहे, बाकीच्या ऐच्छिक. एक पाकीट हातात ठेवावे, दुसरे बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या खाली. का, ते पुढे येईल.

हॉटेलच्या दारात फेटा बांधलेला, मिशीला पीळ दिलेला एक गृहस्थ उभा असतो. तो वरपक्षाचा मानकरी नव्हे, त्याच्या पाया पडू नये. त्याचे काम दार उघडण्याचे आहे. दार आपण आधी उघडले तर त्याला वाईट वाटते, म्हणून दोन्ही हात बॅगांत गुंतवून ठेवावेत. मग दुसरा एक जण बॅगा काढून घेतो आणि हात पुन्हा मोकळे होतात. या प्रसंगाची तालीम घरी करून जावी.

काउंटरवरचा मुलगा आपल्याशी इंग्रजीत बोलेल. आपण मराठीत उत्तर द्यावे, तो हिंदीवर येईल. घाई करू नये. आधार कार्डावरचा पत्ता वाचायला त्याला अवधी द्यावा. मग तो मान वर करून हळूच विचारेल, ‘‘मोहोळात कुठं ओ? मी पेनूरचा.’’ यापुढचे सगळे व्यवहार मराठीत होतात. कोणत्या मजल्यावर पाणी गरम येते आणि न्याहारीला कशाला हात लावायचा नाही, ही मौल्यवान माहिती पेनूरकराकडूनच मिळते. खोलीचा ताबा मात्र दुपारी दोनला म्हणजे दोनलाच. त्यात पेनूरचाही इलाज नाही.

खोली मागताना जुन्या शहराच्या बाजूची मागावी. या बाजूला ‘हेरिटेज व्ह्यू’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. मागच्या बाजूला शेजारच्या मंगल कार्यालयाचा जनरेटर दिसतो, त्याचे घेत नाहीत. हेरिटेजमध्ये भुईकोट किल्ल्याचे बुरूज दिसावेत अशी अपेक्षा असते. बहमनी काळातला, दुहेरी तटाचा हा किल्ला मे १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या फौजेकडून जिंकून घेतला. त्याला लागूनच सिद्धेश्वर तलाव आणि तलावाच्या मधोमध ग्रामदैवताचे देऊळ. खिडकी उघडत नसते, कारण वातानुकूलन. पण पडदा बटणाने सरकतो. बटण तीनदाच दाबावे. चौथ्यांदा दाबल्यास समोरच्या खोलीतले लोक हात हलवतात.

आता न्हाणीघर. खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये विटांची भिंत असावी, ही आपली जुनी समजूत येथे सोडावी लागते. तिथे काच असते. सौंदर्यदृष्टीने तशी ठेवलेली असते असे समजते. आत एक पडदा असतो आणि त्याचे बटण बाहेर, पलंगाजवळ असते. लग्नाला तीस वर्षे झालेल्या जोडप्यांनीही हे बटण कुणाच्या ताब्यात राहील याचा लेखी करार करावा.

काचेपलीकडे टब दिसेल. हा विषय गंभीर आहे. साधा टब भरायला दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे डाळिंबाच्या फवारणीचे एक बॅरल. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, उन्हाळ्यात ‘उजनी किती मायनसमध्ये गेली’ आणि पावसाळ्यात ‘प्लसमध्ये आली का’ या दोनच प्रश्नांवर चौकाचौकात चर्चा चालते, तिथे माणसाने बॅरलभर पाण्यात नुसते पडून राहावे, अशी योजना आहे. उजनी धरण भरले की ११७ टीएमसी. त्यातले निम्म्याहून जास्त मृतसाठा, हे आपल्या तालुक्यात पोराटोरांनाही माहीत. तेव्हा टबात उतरल्यावर डोळ्यांपुढे कॅनॉलचे आवर्तन येते आणि मन काही रमत नाही. माझा स्पष्ट सल्ला : टबात बादली ठेवावी, बादलीत आंघोळ करावी. टब वापरला हेही खरे राहते आणि पाटबंधारे खात्यापुढे मान ताठ राहते. बादली टबाबरोबर येत नाही. पेनूरकराला सांगावे, तो धुलाईच्या खोलीतून आणून देतो.

पलंगाच्या पायथ्याशी हातभर रुंदीची, घडी घालून आडवी टाकलेली एक पट्टी दिसेल. नीट पाहा, ती सोलापुरी चादर आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली, आपल्या घरी ट्रंकेत सात-आठ असलेली, पाहुण्यांना अंथरायची, हुरड्याला शेतात न्यायची आणि शेवटी मळणीच्या धान्यावर टाकायची तीच चादर. इथे ती अंगावर घ्यायची नसते, पाहायची असते. अंगावर घ्यायला पांढरी रजई असते आणि त्या रजईचा सोलापूरशी काहीएक संबंध नसतो. रात्री एसीने थंडी वाजलीच तर चादर उलगडावी, हातमागाचा की यंत्रमागाचा माल ते बोटाने चाचपून ठरवावे, आणि बिनदिक्कत पांघरावी. शहरात येऊन शहराची चादर पांघरायची नाही, असा कायदा नाही.

कपाटातला छोटा फ्रीज उघडावा, भावफलक वाचावा आणि हळूच बंद करावा. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीहून जास्त लावले म्हणून खाली जाऊन हुज्जत घालण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना तशी मुभा दिलेली आहे. टेबलावर दोन बाटल्या फुकट ठेवलेल्या असतात, त्या प्याव्यात. आणि आता बॅगेच्या तळाशी ठेवलेले चिवड्याचे दुसरे पाकीट काढावे. खाऊन झाल्यावर पलंगावर पडलेले शेंगदाणे मोजून उचलावेत. खोली झाडणाऱ्या बाईंना चिवड्याबद्दल तक्रार नसते, गादीत रुतलेल्या शेंगदाण्याबद्दल असते.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की झाला मुक्काम. नाही. हॉटेलवाले संध्याकाळी ‘हेरिटेज वॉक’ नावाची फेरी काढतात आणि माणशी पैसे घेतात. ती टाळावी, कारण तुम्ही ती जन्मभर फुकट केलेली आहे, फक्त हातात पिशव्या होत्या. आज पिशवीशिवाय जा, एवढाच फरक. बाळीवेस, कुंभारवेस, विजापूरवेस. वेशी नावापुरत्या उरल्या, पण रिक्षावाल्याला अजून त्याच पुरतात. मधला मारुती, चाटी गल्ली. इथे पाय आपोआप बस्त्याच्या दुकानाकडे वळतात, त्यांना आवरावे. दुकानदार एका ग्राहकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी कन्नडात आणि आपल्याशी मराठीत एकाच दमात बोलेल. त्याबद्दल टाळ्या वाजवू नयेत, हे काम तो पिढ्यान्‌पिढ्या करतो आहे. महापालिकेच्या इंद्रभुवनापाशी मान वर करावी. आप्पासाहेब वारदांनी बांधलेली ही इमारत आपण आजवर दाखल्याच्या घाईत पाहिलीच नव्हती. आणि चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जरा थांबावे. १९३० च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. तिथे मार्गदर्शनाची गरज नाही.

सिद्धेश्वराच्या देवळात तर रात्री जाऊन बसावे. बाराव्या शतकातला हा शिवयोगी, त्याच्या हातची शहराभोवतीची अडुसष्ट लिंगे, आणि लग्नाचा हट्ट धरून बसलेली कुंभारकन्या. तिने शेवटी त्याच्या योगदंडाशी लग्न केले, म्हणून संक्रांतीला अजून अक्षता पडतात आणि नंदीध्वज निघतात. ही सगळी कथा हॉटेलच्या माहितीपत्रकात दोन ओळींत आहे, त्यातली एक ओळ तलावाच्या नौकाविहाराबद्दल.

जुन्या शहरात फिरताना एक धोका गृहीत धरावा : मावशी. सोलापुरात मोहोळच्या प्रत्येक माणसाची किमान एक मावशी किंवा आत्या असते, आणि ती संध्याकाळी भाजीला किंवा देवळात निघालेली असते. गाठ पडली की पहिला प्रश्न, ‘‘कुठं उतरलाव?’’ हॉटेलचे नाव घेऊ नये. ‘‘इथंच जवळ’’ म्हणावे आणि पाया पडावे. वाकल्यावर खिशातले चावीचे कार्ड बाहेर पडणार नाही याची काळजी घ्यावी. पडलेच, तर ते एटीएमचे आहे. तरीही मावशीला कळतेच. तेव्हा रात्रीचे जेवण तिच्याकडे ठरलेले समजा : कडक भाकरी, शेंगाची आमटी आणि न मागता वाढलेला चौथा हात भाताचा. हॉटेलातले बुफे जेवण आधी बुक केले असेल, तर ते पैसे गेले. ते जाण्यातच फायदा आहे.

सकाळची न्याहारी भाड्यात धरलेली असते, म्हणून ती सोडायची नाही. परदेशी नावाचे पदार्थ बाजूला ठेवून कोपऱ्यातला ‘स्थानिक विभाग’ गाठावा. तिथे ज्वारीची भाकरी ‘मिलेट’ म्हणून, पापडाएवढी करून, टोपलीत उभी लावलेली असते. शेजारी छोट्या वाटीत शेंगाची चटणी. चाखून पाहावी. चाखल्यावर चेहरा सरळ ठेवावा, आजूबाजूला पाहुणे असतात.

हिशेबाचे थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्याहून वर गेलात की १८. म्हणजे ७५०० वर कर ३७५ आणि ७६०० वर १३६८. शंभर रुपयांच्या ऐटीपायी हजाराच्या जवळपास जातात. बिलात ‘सेवा शुल्क’ दिसले तर ते काढायला सांगता येते. देणे न देणे ग्राहकाच्या मर्जीवर, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच बजावले आहे. काढायला सांगून तीच रक्कम बादली देणाऱ्याच्या हातात ठेवावी. साबण, शाम्पूच्या बाटल्या आणि कापडी सपाता नेता येतात. चादर नेऊ नये. घरी आठ आहेत.

निघताना अभिप्रायाचा कागद पुढे येईल, पाच ताऱ्यांचा. स्वच्छतेला, गादीला आणि पेनूरकराला पूर्ण गुण द्यावेत. एकूण मुक्कामाला मात्र चारच तारे, आणि ‘कारण’ या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहावे : सोलापुरात बसून शेंगाच्या चटणीत साखर घातली.