टाके कमी, सत्कार फार

गावोगावच्या ‘एकदिवसीय शिवण प्रशिक्षण व स्नेहमेळाव्या’त सुई सोडून सगळे हजर असते. आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचे ‘दोन शब्द’, जे मोजायला शिंप्याचा टेप पुरत नाही. जेवणानंतर एकदाचे मशीन दिसते; त्याच्याभोवती फोटो निघतो. धावदोरा राहूनच जातो, कारण तोवर चहा आलेला असतो.

काटेवाडीत तर हे फारच धाडसाचे. तुकोबांच्या पालखीपुढे परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, ते हे गाव. जवळच बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कात बायका दिवसभर मशीन चालवतात. अशा ठिकाणी कापड म्हणजे काय, हे माईकवरून समजावायचे! जुन्या लुगड्यांची गोधडी इथली आजी प्रमाणपत्राविनाच शिवत आली. पीएम विश्वकर्मा योजनेतही शिंपीकामाचे प्राथमिक प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे असते. एका दिवसात धड काज-बटणही हाती लागत नाही.

तेव्हा आयोजकहो, एवढेच करा: आजींना मंचावर बसवा आणि पाहुण्यांना सुईत दोरा ओवायला द्या. भाषणे आपोआप आटोपतील.