घरच्यांना सांगू नका

सोसायटीच्या वार्षिक सभेत सुरक्षेचा विषय निघाला की चर्चा ठरलेली असते. कॅमेरे वाढवा, वॉचमन बदला, डिलिव्हरीवाल्यांची नोंद ठेवा, कामवाल्या बायकांचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या. लाख-दोन लाख एकमताने मंजूर होतात. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींच्या ठेवींवर ज्याचा डोळा आहे, तो मात्र फाटकाकडे फिरकतही नाही. तो व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करतो.

‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेची फसवणूक, म्हटलं की हल्ली लोक मान डोलावतात. माहीत आहे, वाचलंय. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हा प्रकार समजावून सांगितला. मध्यंतरी तर फोन लावला की रिंग वाजायच्या आधी सायबर चोरांपासून सावध राहायची सूचना ऐकावी लागे. तरीही पैसे जातच आहेत. केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार, या इशाऱ्यांच्या आधीच, 2024 च्या पहिल्या चार महिन्यांत या एका प्रकारात 120 कोटी रुपये गेले होते. आणि बातमी वाचून आपण विचारतो, ‘एवढी शिकलेली माणसं, फसतातच कशी?’

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांनी कापड उद्योगात आयुष्य काढलं, हजारो माणसं सांभाळली. 2024 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांच्याकडून 7 कोटी रुपये काढून घेतले गेले. त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली होती, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नावाने माणूस बसवला होता. ते स्वतःहून पुढे येऊन हे बोलले, हे मोठं काम झालं. त्यांची फसवणूक झाली ती अक्कल नव्हती म्हणून नव्हे. अटकेची भीती आणि एकटेपण एकाच वेळी अंगावर आलं, की भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं.

हे घडतं कसं ते नीट पाहा. आधी कुरियर कंपनीचा किंवा टेलिफोन खात्याचा म्हणून फोन येतो. तुमच्या आधारवर मुंबईत सिम घेतलंय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. मग ‘साहेबांना’ जोडून दिलं जातं. पडद्यावर खाकी गणवेश, मागे तिरंगा, टेबलावर फायली. साहेब आधी दरडावतात, मग एकदम मऊ होतात: ‘मॅडम, तुम्ही निर्दोष वाटताय, मी मदत करतो. फक्त कॅमेरा बंद करायचा नाही आणि घरच्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर तेही आत जातील.’ आजी रात्रभर फोन उशाशी उभा करून झोपतात. सकाळी मुलाचा फोन येतो. ‘काय गं, जेवलीस का?’ ‘हो रे, सगळं ठीक.’ दुपारी त्या बँकेच्या काउंटरवर उभ्या असतात. पर्समध्ये कॉल चालूच आहे. क्लार्क म्हणते, ‘आजी, ठेव मुदतीआधी मोडताय, व्याज जाईल हं.’ पढवलेलं उत्तर येतं: ‘मुलाच्या फ्लॅटसाठी हवेत.’ आरटीजीएस होतं. पैसे कुणा तिऱ्हाइताच्या भाड्याने घेतलेल्या खात्यात पडतात आणि तिथून काही मिनिटांत दहा ठिकाणी फुटतात.

या सगळ्या बनावात एक वाक्य काढून टाका, बाकी काही चालणार नाही. ‘घरच्यांना सांगायचं नाही.’ गणवेश, शिक्के, वॉरंट ही नुसती सजावट. चोराला हवा असतो तो त्या माणसाचा आणि घराचा तुटलेला धागा.

आणि कायदा याच्या नेमका उलट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 48 प्रमाणे, कुणालाही अटक केली की पोलिसांनी ती ताबडतोब त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचीच आहे. राज्यघटनेच्या कलम 22 ने वकिलाला भेटण्याचा आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहण्याचा हक्क दिला आहे. चौकशीला हजर राहण्याची, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची सोय कुठल्याच कायद्यात नाही. तेव्हा लक्षात ठेवायची गोष्ट एकच: खरा पोलीस घरी कळवायला बांधील आहे. कळवू नका म्हणणारा चोर आहे, त्याच्या अंगावर कुठलाही गणवेश असो.

पण हे आजींना कुणी सांगायचं? आपण त्यांना नवा फोन घेऊन देतो, नातवंडांचे फोटो पाठवतो आणि ‘ओटीपी कुणाला देऊ नकोस गं’ एवढं बजावून मोकळे होतो. त्यांनी एखादी शंका विचारली की आपला आवाज चढतो. ‘आई, मी मीटिंगमध्ये आहे.’ ‘बाबा, किती वेळा सांगायचं?’ पुण्या-मुंबईत राहणारी मुलं असोत की न्यू जर्सीत, वर्षानुवर्षं असं ऐकवलं की आईवडील न सांगायला शिकतात. पोरांना कशाला त्रास, आपलं आपण निस्तरू. चोराने गप्प राहायचा हुकूम सोडण्याआधी त्याचा निम्मा सराव घरातच झालेला असतो. हे कठोर आहे, पण खरं आहे.

पैसे गेल्यावर तर हे गप्प बसणं फारच महागात पडतं. 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार केली तर पुढच्या खात्यांत पोचलेली रक्कम गोठवता येते. तिथे एकेक तास मोलाचा. पण ज्या घरात पहिली प्रतिक्रिया ‘तुला काही कळत नाही का?’ अशी असते, तिथे माणूस आठवडाभर सांगतच नाही. ओरडायचं असेल तर नंतर ओरडा, आधी फोन लावा.

सगळा भार घरावर टाकायचा माझा विचार नाही. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याने न्यायालयाच्या खोट्या आदेशांना भुलून कोटीहून अधिक रक्कम गमावली. त्यांच्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात या प्रकारांचा तपास सीबीआयकडे सोपवला. उशिरा का होईना, झालं ते चांगलं झालं. बँकांचा प्रश्न मात्र उरतोच. रिझर्व्ह बँकेने 2017 च्या नियमांत ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांत त्याला संरक्षण दिलं. इथे आजींनी स्वतःच सही केलेली असते, म्हणून बँक हात झटकते. पंचाहत्तरीची बाई सगळ्या ठेवी एका दिवसात मोडून अनोळखी खात्यात पाठवते आणि शाखेतून एक फोनसुद्धा कुणाला जात नाही, हे मला मान्य नाही.

आणि फोन करायला माणूस शोधावाही लागत नाही. ठेवीच्या फॉर्मवर सहसा नॉमिनीचं नाव असतं. त्याच्याशेजारी, ठेवीदाराच्या संमतीने, एक मोबाइल नंबर लिहून घ्या आणि अशी मोठी रक्कम बाहेर जाण्याआधी त्यावर एक फोन करा. रिझर्व्ह बँकेने हे सक्तीचं करावं. ते होईपर्यंत, ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांनी या आठवड्यात त्यांच्यासोबत त्यांच्या शाखेत जाऊन मॅनेजरला भेटावं आणि असा नंबर लेखी देऊन यावा. परदेशात असाल तर भावाचा, बहिणीचा, नाहीतर शेजारच्या काकूंचा.